तीन दिवसांची पिल्लं

प्रिय भिंगरी,

तुझ्या शाळेच्या वह्यांतली कोरी पानं अजून संपलेली नाहीत, त्यातल्याच एकावर लिहिते आहे. समासाच्या लाल रेघेकडे लक्ष देऊ नकोस. फोनवर बोलायचं म्हटलं की तू आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करतेस, मग मी तुझ्या जेवणाची करते, आणि तेवढ्यात तुझा कोणीतरी पेशंट भुंकायला लागतो. गुडघे आहेत तसेच आहेत. मागच्या अंगणात फरशी बसवून घेतली, त्यामुळे चिखल थांबला. तुझ्या खोलीत आता खाद्याची पोती असतात, पण खिडकीपाशी तुझी खुर्ची तशीच ठेवली आहे. तुझे बाबा तिच्यावर बसत नाहीत. पोती हलवताना ती उचलून बाजूला ठेवतात आणि पुन्हा जागेवर आणतात. तू घर सोडून गेलीस त्याला पाच वर्षं झाली. इतक्या दिवसांत त्यांनी तुझं नाव काढलं नाही, तसं तुझ्याबद्दल वाईटही कधी बोलले नाहीत, एवढं लक्षात ठेव.

तू गेलीस तो दिवस मला परवा पुन्हा आठवला. कंपाउंडरकाका शेपट्या कापायला आले होते, विकायची आठ पिल्लं होती, आणि नेहमीप्रमाणे एकेक पिल्लू फडक्यात धरून मी बसले होते. तू सुट्टीवर आलेली, दारात उभी. काका म्हणाले, डोळे उघडायच्या आत यांना काही कळत नाही, बघा ना, कापल्या कापल्या आईला लुचायला लागतं, दुखलं असतं तर दूध प्यालं असतं का? तू म्हणालीस, दुखतं म्हणूनच लुचतात काका, दुसरीकडे जायला त्यांना जागाच कुठे आहे. बाबा हसले. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच राहतं, म्हणून आम्ही नळीच्या भानगडीत पडत नाही, असं म्हणाले. मग तुमचं सुरू झालं. तुझे कान टोचले तेव्हा कोणी तुला विचारलं होतं का, तू काही मेलीस का, गिऱ्हाईकाला शेपटीवाला चालत नाही, या पैशावरच तू जनावरांची डॉक्टर होते आहेस. शेवटचं ते त्यांनी बोलायला नको होतं. तू बॅग भरलीस. तेवढ्या वेळात माझ्या हातात सातवं पिल्लू होतं. मी उठले नाही, कारण ते अर्धं झालं होतं. तू त्याचा काय अर्थ लावलास ते मला माहीत आहे, आणि तो फारसा चुकीचा नव्हता.

पण तुझं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. सकाळी देवापुढे बसले की मी विचारायचे, बाबा रे, शेपूट जास्तीचं असतं तर तू दिलंच कशाला असतंस? नखं कापतो, केस कापतो, ते पुन्हा येतात. हे येत नाही. तांबडीचंच बघ. ती आपल्याकडे आली तेव्हाच बिनशेपटीची होती. मला बघून तिचं सगळं मागचं अंग हलतं, कंबरेपासून, जड ओझं वाहणाऱ्या बाईसारखं. तिला काय म्हणायचं असतं ते मला कळतं. पण दुसरं कुत्रं समोर आलं की ते आधी तिच्या मागे बघतं, तिथे काही दिसत नाही, आणि गुरगुरतं. तिची त्यात काय चूक? हे मी तुझ्या बाबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, तू आता मुलीची शिकवणी लावलीस वाटतं.

यंदा तांबडीचे दिवस भरत आले आणि नेमके तेव्हाच तुझ्या काकांचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. तुझे बाबा दहा दिवसांसाठी त्यांच्याकडे गेले. ते गेल्यावर दुसऱ्याच दिवशी, चार तारखेला, तांबडी व्यायली. चारच पिल्लं, पण चांगली गुटगुटीत. ओळखू यावीत म्हणून मी नेहमीसारखी त्यांच्या गळ्यात रंगीत लोकर बांधली. संध्याकाळी फोन आला, झाली का? आणि माझ्या तोंडून निघालं, अजून नाही. मी काही ठरवून बोलले नव्हते. पण बोलून झाल्यावर वाटलं, देवानंच सुचवलं असेल. तू एकदा सांगितलं होतंस ना, पाच दिवसांच्या आत कापतात, त्यापुढे नियमात बसत नाही, आणि नऊ-दहा दिवसांनी डोळे किलकिले झाले की भूल दिल्याशिवाय कोणी हात लावत नाही. म्हटलं, डोळे उघडेपर्यंत दिवस काढायचे. उघड्या डोळ्यांच्या पिल्लाला कापायला कंपाउंडरकाकांचं मन धजणार नाही, आणि यांना म्हणता येईल की राहून गेलं आता, जाऊ दे. कोणाशी भांडायला नको, कोणाला दुखवायला नको. मी आयुष्यभर घर असंच तर चालवलं.

मी रोज अजून नाही म्हणत राहिले. दहा तारखेला तुझे बाबा घाबरले. म्हणाले, दिवस उलटून गेलेत, पोट फाडून पिल्लं काढावी लागतील, मी आत्ताच कंपाउंडरला पाठवतो. तेव्हा मला म्हणावं लागलं, आज पहाटे झाली. आणि वहीत, जिथे मी दर वेळी पिल्लांचा जन्म आणि वजनं लिहिते, तिथे दहा तारीख लिहिली. आजपर्यंत त्या वहीत मी खोटं अक्षर लिहिलेलं नाही. हिशेब आपल्या बाजूचा केला की बरकत जाते, असं तुझ्या आजीनं शिकवलेलं. पेन उचलताना ते आठवलं, तरी लिहिलं.

बारा तारखेला तुझे बाबा आले. पिल्लं हातात घेऊन म्हणाले, चारच असली की कशी फुगतात बघ, वाटून घ्यायला कोणी नाही. तेरा तारखेला सकाळी कंपाउंडरकाका आले. तांबडी आधीच बाहेर बांधली होती. काकांनी हत्यारं माझ्याच गॅसवर, माझ्याच पातेल्यात वीस मिनिटं उकळली, झाकण मीच ठेवलं होतं. मग वही मागितली, तारीख बघितली आणि म्हणाले, वहिनींच्या वहीत आहे म्हणजे पंचांग बघायला नको. मी फडकं मांडीवर घेतलं. हिरव्या लोकरीच्या पिल्लाचा उजवा डोळा त्या दिवशी सकाळी कोपऱ्यात जरासा फाकला होता. मी त्याचं तोंड मुद्दाम काकांच्या बाजूला केलं. त्यांनी बघितलं. कापसानं तो डोळा पुसला आणि म्हणाले, ही बया लवकर बघायला लागली, हुशार निघणार. तुझे बाबा दाराला टेकून उभे होते. मला एवढंच म्हणायचं होतं, नऊ दिवसांची आहेत. तीन शब्द. मी मनात जुळवले, तोंडापर्यंत आणले. यांच्याकडे बघितलं आणि गिळले.

नेहमी एकदा कचकन आवाज येतो आणि संपतं. या वेळी कात्री अडली. काका म्हणाले, धार गेली वाटतं, आणि दुसरी घेतली. भिंगरी, तीन दिवसांचं पिल्लू चिरकतं. ही ओरडली. बाहेर तांबडीनं साखळी ओढून ओढून गळा सोलून घेतला. मी चारही पिल्लं धरली. चौथं संपेपर्यंत धरली. त्या दिवशी एकही पिल्लू लगेच लुचलं नाही. हिरवी दुसऱ्या दिवशी सकाळी गार लागली. पिवळी आणखी तीन दिवस होती. उरलेली दोन जगतील असं दिसतं. तांबडी आता मला जवळ येऊ देत नाही. भांडं ठेवून मी मागे सरले की मग खाते.

त्या आठवड्यात तुझा फोन आला आणि मी सांगून बसले की दोन पिल्लं गेली. तू विचारलंस, किती दिवसांची होती? मी तीन म्हणाले. तुझे बाबा समोर पेपर वाचत होते. तू म्हणालीस, मग हत्यारं अस्वच्छ असणार, नाहीतर तीन दिवसांची अशी जात नाहीत. मी हूं म्हणाले. एक हूं. त्यावर तू थेट सरकारी खात्याकडे काकांविरुद्ध एवढा अर्ज करशील असं मला वाटलं नव्हतं, पण तू माझीच मुलगी, जे लिहितेस ते पक्कं लिहितेस. परवा कंपाउंडरकाका अर्जाची प्रत घेऊन आले. पायरीवर बसले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. म्हणाले, वहिनी, तुमच्यासमोर उकळली होती ना हो? लहानपणी कडेवर घेतलेली पोर, तिनं मला घाणेरडा म्हणावं? दवाखान्यातलं त्यांचं काम थांबवलं आहे, सोमवारी चौकशी आहे. तुझे बाबा साक्षीला जाणार आहेत आणि मलाही यायला सांगतात. तुला फक्त उकळली एवढंच सांगायचं आहे, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

मी फार विचार केला, मला सुटत नाही. गप्प बसले तर न केलेल्या घाणीसाठी काकांच्या पोटावर पाय येतो. तारीख सांगितली तर पाच दिवसांच्या वरचं कापलं म्हणून तरी ते अडकतातच, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. कापणं वाईट, हे तू म्हणतेस, आता मीही म्हणते. पण काकांना ते वाईट वाटतच नव्हतं. वाईट वाटत होतं ते मला, आणि पिल्लू मी धरलं होतं. देवाला सगळं सांगून झालं. तो ऐकतो, पण सोमवारी साक्षीला तो येणार नाही. म्हणून तुला लिहिते आहे. अर्ज मागे घे असं मी म्हणत नाही. त्यात काकांच्या नावावर जो अस्वच्छ हत्यारांचा ठपका आहे तो काढ, आणि खोटी तारीख देणारी म्हणून माझं नाव घाल. तुझ्या बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही, सांगवत नाही. सोमवारी तिथे मला पिल्लांचं वय विचारतील. मी यांच्याकडे बघितलं तर पुन्हा तीनच म्हणेन, मला माझी खात्री आहे. तेव्हा तुझा राग तुझ्याकडेच असू दे, माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, फक्त त्या वेळी येऊन यांच्या आणि माझ्या मध्ये उभी राहा.

तुझीच,
आई