जिन्याखालचं कपाट

२२ सप्टेंबर, सोमवार

सातव्या सेलचं व्होल्टेज पुन्हा खाली! लाईट गेली नाही, लिफ्टला बॅटरी लागली नाही, वापर म्हणून काही नाही. बाकी सगळे सेल जागच्या जागी आणि हा एकटाच उतरतोय. म्हणजे आतल्या आत कुठेतरी शॉर्ट होतोय. बॅटरीच्या कपाटांतले असले दोष शोधायचे म्हणून मला अंधेरीला पगार मिळतो, आणि दोष निघाला कुठे? बोरीवलीत, आमच्याच कंपनीने आमच्याच बिल्डिंगच्या जिन्याखाली बसवलेल्या कपाटात. वा!

अलार्म मात्र गप्प. तो गप्पच राहणार. यज्ञेशने, आमच्या साहेबाने, उन्हाळ्यातच त्याची मर्यादा वाढवून ठेवलीये. 'गिऱ्हाईकं वैतागतात गं. सारखं टूं टूं! जरा सैल सोड ना.' मी भांडले. त्याने दुसऱ्याकडून करून घेतलं.

२४ सप्टेंबर

यज्ञेशला आकडे दाखवले. 'अलार्म आला? नाही ना? मग दोष नाही.' सेल बदलायचं दिवाळीनंतर बघू म्हणाला. डोकं फिरलं माझं. अरे, अलार्म बहिरा तूच केलास ना!

२५ सप्टेंबर

सेक्रेटरी भाऊराव काकांना भेटले. म्हटलं, नवा सेल येईपर्यंत कपाट बंद ठेवा, चार्जिंग थांबलं की सेल तापणार नाही. त्यांचा चहाचा कप तसाच हातात. 'अगं, तुझ्या बाबांसाठीच तर सगळ्यांनी कपाटाला हो म्हटलं! आणि आता तूच नको म्हणतेस?'

खरंय ते. बाबांची फुप्फुसं गेलीत. ऑक्सिजनचं मशीन सारखं चालू लागतं. लाईट गेली की खालच्या कपाटातून आमच्या घरात एक लाईन येते, त्यावर ते चालतं. आधी सिलेंडर होता घरात. कपाट आलं आणि आम्ही तो परत केला, आता कशाला दोन-दोन म्हणून. काय अक्कल! सिलेंडरवाला आता म्हणतो, दसऱ्यानंतर.

म्हणजे बंद केलं तर बाबा. आणि चालू ठेवलं तर गुणाजी, आमचा वॉचमन, त्याची खाट कपाटाला चिकटून आहे. गणपतीनंतर बायकोही आलीये गावाहून. एक सेल पेटला की शेजारचे पेटत जातात, आणि तो धूर जिन्यातूनच वर चढणार. जिना एकच आहे.

कुणाला सांगू? सगळे 'बघू' म्हणतात.

२८ सप्टेंबर, रविवार

बाबांनी माझा चेहरा ओळखला. सगळं सांगावं लागलं.

'मग पाड की स्विच! विचार कसला करतेस?'

'आणि तुमचं मशीन?'

'माझं काय घेऊन बसलीस. खाली माणसं झोपतात.'

मुलुंडला कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते ना, मग तेच पुराण सुरू. मशीन उघडायच्या आधी मेन स्विच पाडायचा आणि त्याच्या दांड्याला आपला रुमाल बांधायचा. मग मालक आला तरी हात लावणार नाही. 'रुमाल ज्याचा, त्यानेच सोडायचा!' लहानपणापासून ऐकतेय. निळ्या काठाचे रुमाल, अजून तसलेच लागतात त्यांना.

मी चिडले. म्हटलं, सिलेंडर येऊ दे, मग मी स्वतः बंद करीन. तोपर्यंत विषय बंद.

'बरं,' म्हणाले.

२९ सप्टेंबर

सेल अजून खाली. यज्ञेशने मेल वाचलाही नाही.

१ ऑक्टोबर

चिंगी कपाटावर झोपली होती. ही बिल्डिंगची मांजर, हिची जागा म्हणजे भाऊराव काकांच्या स्कूटरची सीट. कपाटावर कशाला चढली म्हणून हात लावून पाहिला. एका कोपऱ्यात पत्रा गरम! काही चालू नसताना गरम!

गुणाजी हसत म्हणाला, 'तिका बरा गरम लागता थंय.' त्याला म्हटलं, खाट हलव बाबा, आजच्या आज. 'खंय हलवू मॅडम? भायर डास खातत.' मी हात जोडले. तो आणखी हसला.

वर येऊन बाबांना सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. नाकात ती नळी, नजर खिडकीबाहेर. मग म्हणाले, 'उद्या मला पूजेला खाली ने.'

२ ऑक्टोबर, दसरा

पाण्याचा पंप, लिफ्टची मोटर, मीटर, सगळ्यांना हळदकुंकू. आणि कपाटाला तर मानाचा हार. उदबत्तीने धुराचा सेन्सर ओरडतो म्हणून तो आधी बंद! म्हणे यंत्रांची पूजा! आरती संपेपर्यंत तिथेच उभी राहिले आणि सेन्सर माझ्या हाताने परत चालू केला. तेवढं तरी.

झेंडूचा हा एवढा जाड हार. स्विच, हिरवा दिवा, सगळं त्याच्याखाली. म्हटलं, जरा सरकवा. तर भाऊराव काकांच्या मिसेस माझ्यावरच डोळे वटारतात, 'दसऱ्याचा हार आज कुणी हलवतं का गं?'

बाबा खुर्चीवर बसून होते, छोटं पोर्टेबल मशीन मांडीवर. म्हणाले, बसतो थोडा वेळ, बरं वाटतंय. सपना होती सोबत, दिवसभर त्यांचं तीच बघते. मी पुऱ्या तळायला वर आले. नंतर सपना कुरकुरत होती, 'पाणी आणायला पाठवलं मला काकांनी, आणि मी आणलं तर प्यायलेच नाहीत.'

वर आले तेव्हा धापा टाकत होते, घाम शर्टाच्या बाहीने पुसत होते. पण खुशीत! श्रीखंड मागून घेतलं. मला सोनं दिलं, डोक्यावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी घरात सण वाटला.

सिलेंडर शनिवारी नक्की येतोय. दोन दिवस! दोन दिवस ढकलायचे फक्त.

३ ऑक्टोबर

बाबा गेले.

४ ऑक्टोबर

रस्त्यात कुणीतरी खोदताना केबल तोडली. भरदुपारी लाईट गेली. कपाटाने वीज दिलीच नाही. पोर्टेबल मशीनची बॅटरी थोडाच वेळ पुरली. लिफ्ट बंद. सपना जिन्यातून ओरडत सुटली, गुणाजी धावत सहा मजले चढला. मी अंधेरीहून पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

भाऊराव काका रडले. जाताना म्हणाले, 'ऐन वेळी दगा दिला गं तुझ्या बॅटरीने.' यज्ञेशचा फोन. 'सॉरी यार. दुसराच काहीतरी दोष असणार. जमेल तेव्हा बघून घे.'

सिलेंडर आला. दारात उभा आहे.

मी इतके दिवस नुसती आग आग करत बसले. आग लागलीच नाही. माझे बाबा गेले.

५ ऑक्टोबर

खाली गेले. पत्रा गार होता. चिंगी स्कूटरवर.

सुकलेला हार बाजूला केला. मेन स्विच पाडलेला. दांड्याला निळ्या काठाचा रुमाल, घट्ट गाठ मारून.

मी सोडला नाही.