आईच्या हातातलं कडं

हांकौ, १४ सप्टेंबर १९२३

ती. सौ. शूयिन वहिनींस,
वानजुनचा साष्टांग नमस्कार.

बोटीतून सुखरूप उतरले. मन मात्र सूचौलाच राहिलंय. दादाला सांगा, मला द्यायला म्हणून आईचं जेडचं कडं फोडून काढायचा विचार डोक्यातून काढ. आपण दोघींनी साबण लावला, तेल चोळलं, आई कळवळली, पण कडं जागचं हललं नाही. चौदाव्या वर्षी चढवलेलं ते, हात त्यावर भरत गेला. गुबगुबीत हात आहे माझा, कडं माझ्याबरोबर मातीतच जाणार, असं आई हसत म्हणाली होती ना? मग जाऊ दे. मला कडं नको, आई हवी. हिवाळ्यापुरती तिला माझ्याकडे पाठवा. आणि तिला भात भरलेली कमळकाकडी करून घाला हं.

दादाला नमस्कार, मुलांना पापा. माया असू द्या.
वानजुन

सूचौ, ३ ऑक्टोबर

सौ. वानजुन वन्सं यांस,
शूयिनचा सप्रेम नमस्कार.

अगं बाई, पत्र म्हणायचं की झडती! मुलगा असताना सासूबाई जावयाच्या दारात जाऊन राहिल्या, तर गल्लीत आम्ही तोंड कसं दाखवायचं? आणि त्यांना इथे काय कमी आहे? दोन्ही वेळा पोटभर जेवतात, वर कमळकाकडी मागतात. त्यांच्या अंबाड्यातली जेडच्या फुलपाखराची सोन्याची काडी तेवढी मी काढून ठेवलीय. अंबाडा सुपारीएवढा झालाय, काडी गळून पडते. वयच झालं, चालायचंच. लांबून काळजी करायला काय जातं, वन्सं! करणाऱ्याला विचारा.

राग नसावा.
शूयिन

हांकौ, २२ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनींस, सा. न.

अंबाडा सुपारीएवढा? मी होते तेव्हा तर माझ्या मुठीत मावत नव्हता. सोबत तिळाचं पीठ पाठवतेय, ते आईलाच द्या. दादाला दोन ओळी लिहायला काय होतं? माझा जीव थाऱ्यावर नाही.

वानजुन

सूचौ, २८ डिसेंबर

सौ. वन्सं यांस,

कसं लिहू! सासूबाई आपल्याला सोडून गेल्या. संध्याकाळी वाडगाभर भात खाल्ला, झोपल्या, त्या उठल्याच नाहीत. पुण्यवान बाई! तुमच्या भावांनी पत्र लिहायचं मलाच सांगितलं. तुमची वाट बघता आली नाही, दफन उरकलं. चारचौघांनी नावं ठेवावीत असं काहीच केलेलं नाही. सोन्याची काडी आणि कडं तुमच्या मामेभावांबरोबर पाठवते. वहिनीने दडपलं असं उद्या कोणी म्हणायला नको. कडं फोडावं लागलं नाही हो! त्या होत्या तेव्हाच अलगद निघालं, साबणसुद्धा लागला नाही. एक चरा नाही बघा. त्यांचाच आशीर्वाद.

माहेर तुटलं असं समजू नका.
शूयिन

हांकौ, १९ जानेवारी १९२४

शूयिन वहिनी,

काडी पोचली, ती ठेवून घेतली. कडंही पोचलं. एक चरा नाही, खरंच.

घालून बघितलं. माझ्या बोटांच्या पेरांवरच अडलं, आणि माझा हात आईच्या निम्मा. साबण, तेल, आईचं ते कळवळणं, काही काही आठवलं नाही का हो तुम्हाला? अलगद निघालं म्हणे! त्या हातावर काय उरलं होतं, वहिनी? फोडून पाठवलं असतंत तर मी वेडी तुमचा वाडगाभर भात खरा मानून बसले असते. आणि दादा, तू रोज बघत होतास रे.

कडं परत पाठवतेय. तुम्हीच घाला. चढवताना दुखेल, पण एकदा चढलं की तुमच्या हातातून निघायचं नाही. तुम्ही पोटभर जेवता.

वानजुन