पेटीची आतली बाजू

प्रिय बाबांना,
तुमच्या धाकट्याचा प्रभूमध्ये सलाम.

माझं खाणंपिणं व्यवस्थित आहे. बोटाला पट्टी आहे, पण किरकोळ. तुमचा खोकला कसा आहे? ताई खरं सांगत नाही.

आज माझं डोकं फिरलंय. आमच्या कारखान्यात हल्ली शवपेट्या बनतात. तुम्ही दिलेल्या रंध्यानं मी एक पेटी आतून गुळगुळीत करत होतो, तर मुकादम म्हणाला, "आतून कशाला? कुसळं टोचतात म्हणून झोपणारा तक्रार करणार आहे का?" सगळे हसले. हाच माणूस दर रविवारी चर्चमध्ये पुनरुत्थानाची गाणी सगळ्यांत मोठ्यानं म्हणतो.

मी म्हणालो, "प्रभू तिसऱ्या दिवशी उठेल हे शास्त्रात आधीच लिहिलं होतं, आणि तसंच झालं. आपण उठणार हेही तिथेच लिहिलंय. मग ही पेटी उघडणार आहे की नाही?"

"ते बोलायला ठीक आहे," म्हणे. बोलायला ठीक, तर गातोस कशाला?

आता मला झाडलोटीला लावलंय. लावू दे.

बाबा, आईची पेटी तुम्ही दुपारभर आतून घासत होतात, तेव्हा "आतलं कुणाला दिसणार आहे?" असं मीच म्हणालो होतो. तुम्ही घासतच राहिलात. एक मुस्काटात का नाही ठेवून दिलीत?

तुमचा,
धाकटा