स्कोअर किती झाला?

प्रिय धाकोबा,

पत्र बघून हसशील. पण फोनवर तू मधेच लाडात येतोस आणि मी विरघळते, म्हणून लिहिते आहे.

पार्लरमध्ये नवी खुर्ची आली. पायानं दाबली की वरखाली होते, मान मागे टेकवून केस धुता येतात. हप्त्यांवर घेतली. बँकेतल्या बाईंनी माझा क्रेडिट स्कोअर बघितला आणि काही न विचारता कागद पुढे सरकवला. मला तिथेच रडू आलं. याच टेबलावरून मागे त्यांनी मला परत पाठवलं होतं. तुला कशाला आठवेल म्हणा.

तुझ्या जिमच्या कर्जाला मी जामीन राहिले. हप्ते थांबले, तुझा फोन बंद, आणि वसुलीवाला माझ्या पार्लरमध्ये येऊन बसला. एका बाईंची एकच भुवई कोरून झाली होती. तो मासिक चाळत मोठमोठ्यानं तुझी थकबाकी सांगत राहिला. बाई तशाच उठून गेल्या, त्या पुन्हा फिरकल्या नाहीत. त्या माणसाचा मला राग नाही. किळस आली ती तुझी, नंतर. प्रकरण मिटवलं, बँकेशी तडजोड करून निम्म्यात सुटलो, असं तू छाती काढून सांगत होतास. तू सुटलास. पण तडजोड म्हणजे पूर्ण फेड नव्हे, अशी नोंद राहते, आणि ती माझ्याही नावाला चिकटली. आईनं दिलेल्या बांगड्या मोडून उरलेलं मी भरलं. नोंद बदलून घ्यायला बँकेच्या पायऱ्या झिजवल्या. मग स्वतःचीच ठेव तारण ठेवून एक लहानसं कार्ड घेतलं. क्रीम, टॉवेल त्यावर घ्यायचे आणि बिल आलं की लगेच भरायचं. खिशात पैसे असताना उधारी करायची, का तर आपण फेडतो हे दिसावं. वीट आला होता त्या नाटकाचा.

या सगळ्यात तू अधूनमधून विचारायचास, ताई, स्कोअर किती झाला? मी हरखून सांगायचे. वाटायचं, पोराला लाज वाटते आहे, तोंडानं बोलता येत नाही म्हणून असं विचारतो. तू बदललास असं सांगत तुझ्या भाऊजींशी भांडलेसुद्धा.

परवा तुझी बायको केस कापायला आली. नव्या खुर्चीत डोळे मिटून सहज बोलून गेली, की जिमच्या दुसऱ्या शाखेसाठी कर्जाचे कागद तयार आहेत, माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीची खूणही केली आहे, रविवारी घेऊन येताय. माझा स्कोअर वर यायचीच तू वाट बघत होतास म्हणे. तिला वाटलं, मला ठाऊक आहे. मी तिचे केस नीट धुतले, फेस राहू दिला नाही. मग पडद्यामागे जाऊन बसले. शिसारी आली रे. तुझी आली, आणि इतके दिवस हरखत राहिलेल्या माझी त्याहून जास्त.

म्हणून हे पत्र. रविवारी या. तुझ्या आवडीचं करते, पोटभर जेव. कागद आणलेस तरी वाढीन, पण सही करणार नाही. आणि स्कोअर किती झाला, हे यापुढे तुला सांगणार नाही. ताई, तू कशी आहेस, असं एकदा विचारून बघ. त्याचं उत्तर देईन.

काही झालं तरी तुझीच,
ताई