म्हातारीला लाल केप

शनिवार, संध्याकाळ. पार्सिपनी.

संतापाने चहा तसाच टाकून लिहायला बसले. इथे अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या नाटकात आईचं काम माझं होतं. आज तालमीत दिग्दर्शक निखिल सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशी, एवढं पाठांतर आता तुम्हाला झेपणार नाही. तुम्ही विंगेतून प्रॉम्प्टिंग करा ना, प्लीज. आणि बटाटेवडे तुमचेच हं!" आईचं काम आता त्याची बायको करणार. केसांना पावडर लावून!

घरी टीव्हीवर माझी आवडती ब्रिटिश नटी होती. ऐंशी उलटलेली. नात म्हणाली, "आजी, इमॅजिन हर अ‍ॅज अ सुपरहिरो!" मी केलं इमॅजिन. लाल केप, गुडघेदुखी, आणि थेट निखिलच्या छपरावर लँडिंग. तिला म्हणेल का कुणी, विंगेत बस म्हणून? मग मीच का मान डोलावली?

बरंच झालं डोलावली. निखिलची बायको तिसऱ्या प्रवेशात दर वेळी अडकते आणि विंगेकडे बघते. प्रयोगाच्या दिवशीही बघेल. मी तिथेच असेन, लाल शाल पांघरून, हातात स्क्रिप्ट धरून.

आणि तोंडात अख्खा बटाटावडा.