दारावरचं ग्रीक घुबड

प्रिय सिंधू,

माझा फोन तू उचलत नाहीस, आणि तुझ्या बहिणीनं उचलला की तू आंघोळीलाच गेलेली असतेस. अकरा दिवसांत इतक्या आंघोळी! म्हणून हे पत्र. आपला प्लास्टरवाला निजामोद्दीन आज कंधारला येतोय, त्याच्याच हाती देतो.

आधी घराची खबर. व्हरांड्यात अथेन्सच्या पार्थेनॉन देवळासारखे तीन पांढरे खांब उभे राहिलेत, चौथा बाकी होता. छताच्या कडेनं ग्रीक नक्षीची पट्टीही झाली. तीस वर्षं फळ्यावर खडूनं जे देऊळ काढून पोरांना शिकवलं, ते नांदेडात आपल्या दारात बघून मी हरखून गेलो. दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ गेट उघडून आत आले, खांबावरून हात फिरवला आणि म्हणाले, "डिसेंबरची तारीख मिळंल का? पोरीचं लगीन हाय." आपल्याकडे असे खांब फक्त मंगल कार्यालयाला असतात, हे इतिहासाच्या मास्तराला कुणी सांगायचं! मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. समोरच्या लक्ष्मम्मा तेव्हापासून मला मॅनेजरसाहेब म्हणतात.

आता घुबड. ते दारावर असेपर्यंत घरात पाय ठेवणार नाही, असं तू बजावून गेलीस. मी तावातावानं सांगत होतो की हा अथेन्सच्या देवीचा पक्षी आहे, शहाणपणाचं चिन्ह आहे. निजामोद्दीननं तर इतकं मन लावून घडवलं, की त्याचा चेहरा थेट आमच्या जुन्या मुख्याध्यापकांसारखा झाला. खरं सांगतो, गेटातून आत येताना मलाच शाळेला उशीर झाल्यासारखं वाटायचं. सोमवारी उतरवलं. आता पुस्तकांच्या कपाटावर बसून माझ्यावर नजर ठेवून असतं.

पण घुबड नुसतं निमित्त होतं, हे मला निजामोद्दीनमुळं कळलं. पट्टीचं काम संपवून तो खाली उतरला आणि म्हणाला, "सर, या नक्षीसाठी मला पुस्तक कायकू दाखवलं? भाभी तर रोज दारात हीच रांगोळी काढत्यात." मग इकडंतिकडं बघून त्यानं विचारलं, "आन् त्यांची तुळस कुठं ठेवून राहिले तुम्ही?" सात भाड्याची घरं बदलली आपण. प्रत्येक वेळी तेलाच्या डब्यातली ती तुळस मांडीवर घेऊन तू टेंपोत बसलीस, आणि आपलं घर झालं की वृंदावन बांधू म्हणालीस. मी दर वेळी मान डोलावली, आणि नकाशा काढताना तुला एका शब्दानं विचारलं नाही. जाताना तू कपडेसुद्धा धड नेले नाहीस, तो डबा तेवढा काखेत मारून नेलास. हे बघूनही मला दिसलं नाही. फार लाज वाटली गं.

चौथा खांब मी रद्द केलाय. उगवतीचा तो कोपरा मोकळा आहे. वृंदावन किती उंच, किती रुंद, कुठल्या रंगाचं, ते तू सांगायचं. मी मध्ये बोलणार नाही, म्हणजे निदान प्रयत्न करीन.

आणि आता खरं कारण. गुरुवारी वास्तुशांत आहे. गुरुजींना तुझ्याबद्दल सांगितलं, तर ते म्हणाले, "काही अडचण न्हाई सर. बायको नसली तर कमरेला सुपारी लावायची अन् बसायचं पूजेला." शास्त्रात तशी सोय आहे म्हणे. काल मी एक सुपारी टेबलावर ठेवून तिच्याशी बोलून बघितलं. खांबांचं कौतुक केलं, घुबडाचा इतिहास सांगितला, नवीन पडद्यांना कुठला रंग घ्यावा ते विचारलं. ती एका अक्षरानं उलट बोलली नाही. सिंधू, असल्या बायकोबरोबर मी नव्या घरात एक दिवसही काढू शकणार नाही. बुधवारी सकाळी तुला न्यायला येतोय. नाही म्हणालीस तरी चालेल, पण स्वतःच्या तोंडानं म्हण.

तुझे दोन शब्द ऐकायला आसुसलेला,
तुझाच,
अमृत