टेकाडावरचे धोंडे

३ मार्च
आटपाडीपासून नऊ किलोमीटर. तारेचं कुंपण, पुरातत्त्व खात्याचा निळा फलक, आणि मी, टेकाडाचा नवा पहारेकरी! सतरा वर्षं सरहद्द राखली, आता तीन हजार वर्षांपूर्वीचे मुडदे राखायचे. ते पळून जात नाहीत, एवढं बरं. बायकोला, अंजनाला, पत्र्याची खोली पसंत पडली. सहावा महिना लागलाय तिला. बाळाला इथली शांतता मानवेल म्हणाली.

५ मार्च
जाणारा-येणारा प्रत्येक मेंढका कुंपणावरून टेकाडावर एक धोंडा भिरकावतो. त्यांतल्या आकारामला हटकलं. "आवं हवालदार, आजा टाकायचा, बा टाकायचा. वजन कमी झालं की आतला उठतोय." मी हसलो. संरक्षित जागी काही टाकायचं नाही. नियम म्हणजे नियम.

९ मार्च
वरचे सगळे धोंडे उतरवले. टेकाड कसं दाढी केल्यासारखं दिसतंय! त्याच धोंड्यांची अंजनाला न्हाणी बांधून दिली. स्वारी खूश.

१२ मार्च
भर दुपारी आकारामची अकरा मेंढरं मेली. लांडगा नव्हे, लांडगा खातो. इथं एकेकाच्या डोक्याचा चेंदामेंदा केलाय. टेकाडाच्या माथ्यावर डोकं मावेल एवढं भोक पडलंय. मला भीती वाटली. लपवत नाही.

१३ मार्च
न्हाणी मोडली. धोंडे परत टाकायला आकाराम आला. भोकाशी वाकला. आतून हात आला, त्याचा जबडा धरला, ओढला. खांदे अडकले तरी ओढतच राहिला. हाडं मोडताना ऐकली मी. पाय तेवढे बाहेर राहिले, मग तेही—
फोनला रेंज नाही. सकाळच्या एसटीनं अंजनाला घेऊन लोणंदला, तिच्या माहेरी. माझ्या हट्टापायी माणूस गेला.

१४ मार्च
पिशव्या भरून झाल्या होत्या. बाटलीत पाणी घेऊन येते म्हणाली. हातपंप कुंपणालगत.
बाटली तिथंच पडलीय. फरफटल्याची खूण टेकाडापर्यंत. रक्त.

धोंडे टाकतोय. नखं निघाली. आतून अंजना हाक मारतेय. "आवं, धोंडं काढा की. पोटावर लय भार हुतोय."
तिचाच आवाज. टाकले तर ती, बाळ— काढले तर तो—

काढतोय.

हात दिसला. हिरव्या बांगड्या, तिच्याच. धरला. वर आला, हलका. कोपराच्या वर काहीच—
आणि अंजना अजून हाका मारतेय, आता माझ्या मागून, अगदी—